कोपऱ्यातला बाण

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा कुणी भांडलं नाही, आणि तिथंच सगळं चुकलं. भांडले असते तर निदान बोलले असते.

दुकान लेबलं छापायचं. औषधाची बाटली, तेलाचा डबा, रंगाचा खोका, जे जे झाकण लावून विकतात त्यावर डकवायचं लेबल. थोरला गल्ल्यावर बसायचा, गिऱ्हाईक आणि मशीन दोन्हींचे रुसवे काढायचा. धाकटा कॉम्प्युटरवर मान मोडून चित्रं काढायचा. पक्षी, पानं, वळणदार अक्षरं. काढण्यात जितका तरबेज, तितका ठेवण्यात गबाळा. एकदा एका गिऱ्हाइकाचं अख्खं काम त्यानं चुकून पुसलं, तेव्हा थोरल्यानं शिस्त लावली. खऱ्या फायली आतल्या एका फोल्डरमध्ये, आणि बाहेर डेस्कटॉपवर नुसते शॉर्टकट. प्रत्येक आयकॉनच्या कोपऱ्यात एवढासा बाण, म्हणजे माल इथं नाही, आत आहे. धाकट्यानं त्या बाणाची कधी चौकशी केली नाही. दाबलं की चित्र उघडतं, एवढ्यावर स्वारी खूश.

वाटणीत ठरलं की दुकान आणि मशीन थोरल्याचं, चित्रं धाकट्याची. धाकट्यानं पेन ड्राइव्ह लावला, डेस्कटॉपवरचे सगळे आयकॉन निवडले आणि त्यात ओढले. पापणी लवायच्या आत काम फत्ते.

"बघ दादा, झालंसुद्धा. मला वाटलं, आजचा दिवस जाणार यात."

थोरला शेजारीच उभा होता. बाण त्याला दिसत होते, सगळेच्या सगळे. शब्द ओठांवर आला होता. पण धाकट्याच्या तोंडावर सुटल्याचा आनंद इतका उघडा पडला होता, की थोरल्यानं तोंडात मूग धरले. अडलं की येईल. आला की देऊ. द्यायचंच आहे, बुडवतोय थोडंच. माणूस जगाला उधार देताना दहादा विचार करतो, स्वतःला मात्र डोळे मिटून देतो.

अडायला फार वेळ लागला नाही. आठवड्याच्या आत फोन आला. धाकट्यानं घरच्याच खोलीत टेबल मांडून काम सुरू केलं होतं, पहिलं गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि आयकॉन सगळे पांढरे पडले होते.

"येऊन बघतोस का जरा?"

"बघतो की. त्यात काय विचारायचं?" थोरला म्हणाला. निघताना बायकोनं चपला पुढं केल्या आणि म्हणाली, "सांगणार आहात ना त्याला?"

"त्यानं विचारलं तर."

"तो काय विचारणार? त्याला ठाऊक तर हवं."

थोरल्यानं चपला पायात सरकवल्या. त्याच्या मनात चित्र पक्कं होतं. भाऊ म्हणेल, "दादा, तुझ्याशिवाय माझं पान हलत नाही," मग आपण म्हणू, "वेडा आहेस, चल दुकानात." एवढ्या एका वाक्यासाठी त्यानं सगळा खेळ मांडला होता.

धाकट्याची खोली लहान, टेबल खिडकीला लावलेलं. पडद्यावर ओळीनं पांढरी पानं, जणू कुणी चेहरे पुसून नेलेत. थोरला खुर्चीत बसला आणि कामाला लागला. रिफ्रेश केलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. आयकॉनची साठवण पुसून पुन्हा भरली. पांढरी ती पांढरीच. धाकटा स्टुलावर बसून बघत होता. धाकट्याची बायको दारात उभी.

"जमेल का दादा? परवा द्यायचंय त्यांना," ती म्हणाली.

"बघू. अशी कामं घाईनं बिघडतात."

मग त्यानं आणखी एक करामत केली. एकेका आयकॉनवर राइट क्लिक करून त्याला नवं चित्र दिलं. इथं डबी, तिथं बाटली. पडदा रंगीबेरंगी झाला.

"आता दाब," तो म्हणाला.

धाकट्यानं दाबलं. फाइल सापडत नाही, असं आलं. दुसरा दाबला. तेच.

"नुसता मुखवटा बसला," थोरला पुटपुटला, आणि वाट पाहत राहिला. आता म्हणेल. आता म्हणेल.

"म्हणजे गेलंच म्हणायचं," धाकटा शांतपणे म्हणाला. त्यानं माउस स्वतःकडे ओढला, सगळे आयकॉन निवडले आणि डिलीट दाबलं. पडदा रिकामा झाला. मग कचऱ्याची टोपलीही रिकामी केली. खात्री आहे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं. आहे, असं त्यानं सांगितलं.

खोलीत कुणी हललं नाही.

"इतक्या वर्षांचं काम पुसलं मी," धाकटा म्हणाला. "अडवलंही नाहीस."

थोरल्याला तेव्हा कळलं. हात पुढं यायला हवा होता. अरे थांब, एवढं तरी तोंडून निघायला हवं होतं.

"कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला दाखवलं होतं मी आधीच," धाकटा म्हणाला. "त्यानं बघताक्षणी सांगितलं, या नुसत्या खुणा आहेत, माल जुन्या कॉम्प्युटरवर. म्हटलं, दादाला बोलवावं. तो आल्या आल्या सांगेल."

"अरे, मी सांगणारच होतो."

"कधी? डबी बसवायच्या आधी की नंतर?"

"चल आत्ता दुकानात. सगळं देतो. एकही फाइल ठेवून घेत नाही."

"असू दे तुझ्याकडेच." धाकट्यानं टेबलावरचा कागद पुढं ओढला. त्यावर बाटलीचं नवं लेबल अर्धं काढून झालं होतं, शिसपेन्सिलीनं. "परवापर्यंत होईल."

"चहा ठेवते," भावजय म्हणाली, पण जागची हलली नाही. थोरला उठला. कुणी थांब म्हणालं नाही, जा असंही नाही.

पुढच्या आठवड्यात तेलवाला दुकानात आला. जुनं गिऱ्हाईक, तोंडानं फटकळ. "लेबल तेच ठेवा, पण पक्ष्याची मान जरा वळवा. कंपनी माझी पुढं बघते, हा मेला मागं बघतोय."

थोरल्यानं फाइल उघडली. कुठं आहे ते त्याला बरोबर माहीत होतं. पक्षी पडद्यावर आला, पिसन्‌पीस जागेवर. थोरल्यानं माउस मानेवर नेला, धरून ओढलं. मान लांबली, वळली नाही. त्यानं ते मागं घेतलं आणि पुन्हा ओढलं.

"हे काम धाकट्याचं ना? कुठंय तो?" तेलवाल्यानं विचारलं.

"वेगळा झाला."

"मग पत्ता द्या त्याचा. तुम्ही कशाला त्या पक्ष्याचा जीव घेताय?"

थोरल्यानं गल्ल्यातून चिठ्ठी काढली आणि भावाचा पत्ता लिहून दिला. मग पक्ष्याची फाइल बंद केली. बदल साठवायचे का, असं कॉम्प्युटरनं विचारलं तेव्हा नाही म्हटलं.