मीठ जास्त

आमची शाळा मंडणगडपासून एसटीने पाऊण तासावर आहे. वर्ग चौथीपर्यंत, मुलं चौदा, शिक्षक दोन. त्यातले दुसरे गुरुजी वर्षातले निम्मे दिवस मतदारयाद्या घेऊन घरोघर हिंडत असतात, म्हणजे शाळा मीच. नोकरीला तीस वर्षं झाली, निवृत्तीला चार राहिलीत. हल्ली कोणी नवं परिपत्रक पुढे केलं की मी आधी खुर्ची शोधते.

दुपारची खिचडी मुलांना वाढण्याआधी अर्धा तास शिक्षकाने स्वतः चाखायची, चव रजिस्टरात शेरा लिहायचा आणि खाली सही करायची, असा नियम आहे. सखू शिजवायची तेव्हा हा नियम मी अगदी मनापासून पाळला. चमचाभर चाखायचं सोडून वाटीभर खात असे. पुढे सुनेच्या बाळंतपणासाठी सखू मुंबईला गेली आणि तिकडचीच झाली. तिच्या जागेसाठी अर्ज आला एकच, बौद्धवाडीतल्या तुळसाचा. शाळा समितीचा अध्यक्ष सुजय याने दोन आठवडे वाट पाहिली, दुसरं कोणी येईना, तेव्हा सही केली.

तुळसाची मुलगी रसिका आमच्याकडेच चौथीत होती. सुजयची अक्षयाही चौथीत. दोघी बालवाडीपासून एका बाकावर. एकीचं नाक वाहायला लागलं की दुसरीचं दोन दिवसांत वाहणार, हे मी डोळे मिटून सांगितलं असतं.

तुळसा कामाला चोख. तांदूळ तीनदा निवडायची, घरून कढीपत्ता आणायची, भांडी अशी घासायची की मला माझ्या घरातल्या भांड्यांची लाज वाटावी. पहिल्या दिवशी सगळी चौदा मुलं जेवली. दुसऱ्या दिवशी वरच्या वाडीतला ओमकार म्हणाला, सोमवार आहे. सहा वर्षांच्या पोराला सोमवार. मग कोणाला गुरुवार लागला, कोणाच्या पोटात दुखायला लागलं, कोणाच्या आईने डबाच दिला. पंधरा दिवसांत खिचडीला उरली चार मुलं: बौद्धवाडीतली तिघं आणि अक्षया. मोबाइलवर रोज जेवणाऱ्यांचा आकडा भरावा लागतो. मी चौदा भरत राहिले. कमी भरला असता तर चौकशी लागली असती, आणि चौकशी झेलण्याइतका जीव माझ्यात उरला नव्हता.

आता माझं सांगते. तुळसा आल्यापासून मला डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य आठवायला लागलं. साखरेचा आजार मला सहा वर्षांचा जुना, सखूच्या वाटीपुढे तो कधी आडवा आला नव्हता. रसिका रोज माझ्या टेबलावर चवीची वाटी आणून ठेवायची. ती गेली की मी वाटी मागच्या केळीत रिकामी करायची आणि लिहायची, ‘चव उत्तम’. वर्गात समानतेचा धडा मी फार चांगला शिकवते. तपासणीला आलेल्या साहेबांनी एकदा तसं लिहूनही दिलंय.

अक्षया घरी काही बोलली नव्हती. एक दिवस तिने आईच्या आमटीला नाक मुरडलं आणि तुळसाकाकीची खिचडी कशी छान असते ते सगळं सांगून टाकलं. दुसऱ्याच दिवशी सुजय शाळेत आला.

सुजय वाईट माणूस नाही. आवाज चढवत नाही. शाळेचं छप्पर त्याने पदरमोड करून शाकारून दिलं होतं. तो समोर बसला, माझ्या तब्येतीची चौकशी केली, आणि मग म्हणाला की त्याच्या स्वतःच्या मनात काही नाही, पण गावकीत बोलणं चाललंय. तालुक्याच्या इंग्रजी शाळेची व्हॅन आता खालच्या फाट्यापर्यंत येते. अकरा पोरं एकदम गेली तर शाळेला टाळं लागेल आणि मला शेवटच्या चार वर्षांत कुठे तरी कड्याकपारीत टाकतील. यावर त्याने उपायही काढून आणला होता. चवीचे तीन वाईट शेरे पडले की समितीला माणूस बदलता येतो.

“कोनाचा नाव नको, भांडान नको,” तो म्हणाला. “तुमी फक्त तीन दिवस लिवा, बाई.”

मी त्याला नाही म्हणाले नाही. विचार करते म्हणाले, आणि विचार केला नाही. बुधवारी लिहिलं, ‘मीठ जास्त’. गुरुवारी तेच. शुक्रवारी वेगळं काही सुचलं नाही म्हणून पुन्हा तेच. तिन्ही दिवस वाटी केळीत गेली.

शनिवारी शाळा सुटल्यावर समितीची बैठक झाली. तुळसाला बोलावून सुजयने रजिस्टर वाचून दाखवलं. ती भांडेल असं मला वाटलं होतं. भांडली असती तर मला रागावता आलं असतं, आणि रागात माणसाला बरं वाटतं. ती पदराला हात पुसत माझ्याकडे वळली.

“बाई, मना तवाच सांगितला असतात, तर मी कमी घातला असता,” ती म्हणाली. तिला ते खरंच वाटलं होतं. आपल्या हातून मीठ जास्त पडलं, याचंच तिला वाईट वाटत होतं.

समितीत दमयंती म्हणून एक बाई आहे, जरा सरळ स्वभावाची. ती म्हणाली, पोरं खात होती ना, एखाद्या पोराला तरी विचारा. अक्षया बापाची वाट पाहत दारातच उभी होती. सुजयची पंचाईत झाली, पण सगळ्यांसमोर नाही कसं म्हणणार? त्याने तिला आत बोलावून विचारलं.

अक्षया गोंधळली. तिने तुळसाकडे पाहिलं, मग टेबलावरच्या रजिस्टराकडे आणि मग माझ्याकडे. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी पेनाचं टोपण लावत बसले.

“मना बरोबर लागला होता,” ती हळूच म्हणाली. “पन बाईंनी लिवलाय तर जास्तच आसंल. बाई खोटा लिवत नाय.”

तुळसाने कमरेची स्वयंपाकखोलीची किल्ली काढून टेबलावर ठेवली आणि बाहेर थांबलेल्या रसिकाला हाताला धरून निघून गेली.

सोमवारी वरच्या वाडीतली एक बाई शिजवायला आली. सगळ्यांचे सोमवार सुटले, पोटं बरी झाली. रसिका मात्र घरून डबा घेऊन आली आणि वेगळ्या बाकावर जाऊन बसली. शाळा सुटल्यावर मी कुलूप लावत होते, तर अक्षया पायरीवर बसलेली. मुलं केव्हाच गेली होती.

“बाई, रसिका बोलते तुमी खातच नव्हतात. केळीत ओतत होतात.”

मुलांपासून काही लपत नाही, हे मला तीस वर्षांत कळलेलं एकमेव शहाणपण, आणि तेच मी विसरले होते. खोटं बोलता आलं असतं. रसिका रागात आहे, मनाला येईल ते बोलते, एवढं म्हटलं असतं तर अक्षयाने ते मानलं असतं. पण मी इतकी दमले होते की खोटं जुळवण्याचाही कंटाळा आला. नाही खाल्लं, म्हणाले.

तिला माझा राग येईल, ती रडेल, असं मला वाटलं. तसं झालं नाही.

“मग मीच खोटा बोलले,” ती म्हणाली. “काकीच्या तोंडावर. मना ठाव होता मीठ बरोबर हाय.”

मी म्हणाले, तुझी काही चूक नाही, बाळा. हे मी खरं बोलले, पण तोवर माझ्या खरं बोलण्याला किंमत राहिली नव्हती. तिने दप्तर पाठीला लावलं, चपला घातल्या आणि माझ्यासाठी थांबली. चला, म्हणाली, आताच्या आता तुळसाकाकीला सांगून येऊ, मग बाबांना सांगू. बौद्धवाडी शाळेपासून आंब्याच्या बागेपलीकडे, दहा मिनिटांवर.

मी घड्याळ पाहिलं. माझी गाडी चुकेल, म्हणाले. उद्या बघू.

“मग मी येकटी जाते,” अक्षया म्हणाली आणि निघाली. नऊ वर्षांची पोर, माझी चूक कबूल करायला. बागेच्या दगडी गडग्यावरून ती पलीकडे उतरेपर्यंत मला दिसत होती. तिला हाक मारावी असं फार वाटलं, पण हाक मारून पुढे काय सांगायचं ते मला सुचेना.

गाडी त्या दिवशी पाऊण तास उशिरा आली. तेवढ्या वेळात मी बौद्धवाडीत जाऊन परत आले असते. मी स्टॉपवर बसून होते.