उंबऱ्याखालचा वाडगा

मित्रांनो, मी एक जुना मातीचा वाडगा आहे. माझ्यातून आजवर कोणी चमचाभर डाळसुद्धा खाल्लेली नाही.

माझा जन्म बाबिलोनियातला. मिहरानाय नावाच्या ज्यू बाईने मला विकत घेतलं आणि थेट मांत्रिकाकडे नेलं. तिची बाळं जगत नव्हती, आणि हे लिलिथ नावाच्या हडळीचंच काम, असं अख्ख्या गल्लीचं मत होतं. मांत्रिकाने माझ्या आत शाईने गोल गोल ओळींत चक्क काडीमोड लिहिला. नवरा बायकोला देतो तसाच, फक्त हडळीला. मग हडळ आत कोंडली जावी म्हणून मला उंबऱ्याखाली उपडं पुरलं.

ती खरंच माझ्याखाली होती का? कोणास ठाऊक. वाडग्याला स्वतःखाली वाकून बघता येत नाही. मी जीव मुठीत धरून बसलो. पुढे डोक्यावरून इवलीशी पावलं दुडदुडत गेली, तेव्हा वाटलं, जमलं बहुतेक. पण म्हणून हलायची सोय नव्हती. घर पडलं, गाव पडलं, तरी मी जागचा हललो नाही.

शेवटी कोणीतरी मला उकरलं. आता मी जेरुसलेमच्या एका विद्यापीठात टेबलावर असतो. उताणा.

प्राचीन ज्यूंचा जादूटोणा हा इथे संशोधन करणाऱ्या तिर्झाच्या अभ्यासाचा विषय. तिचे दिवस भरत आले होते. भिंग घेऊन ती माझ्यावर वाकली, की मला वाटायचं, मी असा उताणा, मग ती हडळ कुठे? घरी जाताना मात्र ती मला उपडं घालायची. सकाळी तिचे प्राध्यापक अमनोन कुरकुरत सरळ करायचे, कारण उपड्या वाडग्याचा काठ झिजतो. भुतांवर जन्मभर लिहूनही त्यांनी एकाही भुतावर विश्वास ठेवला नव्हता.

"हे कोण करतं?" त्यांनी एकदा विचारलंच.

"मी. धूळ बसते, अमनोन."

"पाळणा आणलास घरी?"

"बाळ यायच्या आधी पाळणा कोण आणतं?"

"मग धूळच बसत असणार."

एका दुपारी वाचता वाचता तिर्झाने टेबलाची कड घट्ट धरली. अमनोन पांढरेफटक पडले. दोघं टॅक्सीने इस्पितळात गेली आणि मी उताणाच राहिलो. मित्रांनो, मातीला घाम फुटत नाही म्हणतात. मला फुटला.

तासाभराने अमनोन तिची पर्स न्यायला आले. दारापर्यंत गेले, थबकले, बाहेर कोणी नाही ना हे पाहिलं आणि परत फिरले. टेबलावर रुमालाची घडी ठेवून त्यांनी मला त्या घडीवर उपडं घातलं. "काठाला लागू नये म्हणून," त्यांनी मला दरडावून सांगितलं.

परवा तिर्झा आली. कुशीतली मुलगी खणखणीत रडत होती. तिर्झाने मला सरळ करायला हात पुढे केला.

"राहू दे," अमनोन म्हणाले. "धूळ बसते."

तर मित्रांनो, एखादं जुनं भांडं उपडं दिसलं, तर उचलण्याआधी कोणाला तरी विचारा. ते काहीतरी धरून बसलेलं असेल. नसेलही. पण त्या बिचाऱ्याला ते कळायचा मार्ग नाही.