बटणांखालचं मीठ

प्रधान बाईंनी बोटाचं टोक जिभेला लावलं. मीठ होतं.

त्यांनी पुन्हा एकदा चव घेतली, कारण गणिताच्या शिक्षिकेनं एका उदाहरणावरून निष्कर्ष काढायचा नसतो. दुसऱ्यांदाही मीठच. कीबोर्डवरच्या 'ए' आणि 'एस' या बटणांच्या फटीत तीन-चार पांढरे खडे अडकले होते. अंबाड्यातला आकडा काढून बाईंनी ते उकरले, तळहातावर घेतले आणि उजेडात बघायला खिडकीपाशी गेल्या. खिडकीला त्यांनीच प्लायवूड ठोकून घेतलं होतं, हे तिथं गेल्यावर त्यांना आठवलं.

गेले चार दिवस 'ए' एकदा दाबला की पडद्यावर 'ए'ची रांगच्या रांग उमटत होती. नववीच्या मुली खुदुखुदु हसायच्या. बाईंना वाटत होतं, आपलंच बोट जड पडतंय. आता कळलं की बोट कुणा दुसऱ्याचं होतं.

शाळेला हा कॉम्प्युटर जूनमध्ये, सरकारी योजनेतून मिळाला. साल सत्त्याऐंशी. तेव्हा कळव्यात रंगीत टीव्ही आला तरी शेजारीपाजारी बघायला यायचे, मग हे तर भलतंच प्रकरण. दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला कोणी जायचं यावर स्टाफरूममध्ये बरंच 'आधी तुम्ही, आधी तुम्ही' झालं आणि शेवटी एक्कावन्न वर्षांच्या प्रधान बाई गेल्या. येताना दोनशे पानी वही गच्च भरून घेऊन आल्या. धूळ, दमट हवा आणि खार हे यंत्राचे तीन वैरी, असं तिथल्या सरांनी सांगितलं होतं. शाळेमागे खाडी. बाईंनी त्याच दिवशी नियम केले. चपला बाहेर. खाणंपिणं बंद. कुलूप एक, किल्ली एक, आणि ती बाईंच्या पर्समध्ये. वापराची नोंदवहीही घातली होती. चार महिन्यांत तिची अकरा पानं भरली होती आणि प्रत्येक ओळीत सही एकाच बाईची होती.

सोमवारी जिल्ह्याहून साहेब येणार होते. यंत्र नीट चाललं नाही, तर ते उचलून कल्याणच्या एका शाळेला द्यायचं, हे त्यांनी आधीच कळवलं होतं. म्हणजे मीठ टाकणाऱ्यानं दिवस बरोबर निवडला होता.

कोण, हे शोधायला बाईंना फार वेळ लागला नाही. खरं सांगायचं तर वेळच लागला नाही.

सुधीर तरे. विज्ञान शिकवायचा. चोवीस वर्षांचा, शहाडहून येणारा, नेमणूक तात्पुरती. त्यानं डोंबिवलीला स्टेशनजवळच्या क्लासात तीन महिने कॉम्प्युटर शिकून घेतला होता, स्वतःच्या पैशानं. सप्टेंबरात बाई मुलींना प्रोग्राम लिहून दाखवत होत्या. यंत्र काही केल्या ऐकेना. दारातून जाणारा सुधीर थांबला आणि अगदी हळू आवाजात म्हणाला,

"बाई, तिथे कॉमा हवा."

कॉमा घातला आणि यंत्र चाललं. मुलींनी टाळ्या वाजवल्या. तो कॉमा बाईंच्या घशात माशाच्या काट्यासारखा अडकून बसला होता. त्यानंतर सुधीरनं दोनदा किल्ली मागितली. दोन्ही वेळा बाईंनी, "बघू," म्हणून सांगितलं.

मंगळवारी संध्याकाळी बाईंनी सापळा लावला. पर्समधला पावडरचा डबा काढून उंबऱ्याच्या आतल्या बाजूला पातळ थर पसरला, कुलूप लावलं, तीनदा ओढून पाहिलं. घरी जाताना त्यांना आपण हे काय करतोय असं क्षणभर वाटलं, नाही असं नाही. पण संशयाला एकदा पाट मांडला की तो जेवल्याशिवाय उठत नाही.

बुधवारी सकाळी कुलूप जसंच्या तसं होतं. आतली पावडर मात्र साफ पुसलेली होती. पाऊल नाही, बोट नाही, फरशी आरशासारखी. येणाऱ्यानं सापळा ओळखला होता आणि पुरावा नष्ट केला होता. इतकं डोकं चालणारा माणूस या शाळेत एकच होता.

मधल्या सुट्टीत त्या मुख्याध्यापक ठोंबरे सरांसमोर बसल्या.

"शंका आहे की खात्री?" सरांनी विचारलं.

"खात्रीच समजा."

"समजा म्हणजे?"

"त्याच्याकडे दुसरी किल्ली असणार. कॉम्प्युटर खराब झाला की बाईंना जमत नाही, असं म्हणायला मोकळा. माझी जागा हवीय त्याला, सर. सरळ आहे."

ठोंबरे सरांनी चष्मा पुसला. ते मोठे सावध गृहस्थ होते, तक्रार तोंडी असली की त्यांना ऐकू कमी यायचं.

"लेखी द्या. शनिवारी संस्थेची बैठक आहे. दिवाळीनंतर त्यांची मुदत वाढवायची की नाही, तो विषय आहेच पुढे."

बाईंनी लेखी दिलं. 'श्री. तरे यांनी हेतुपुरस्सर' असं वाक्य सुरू करताना हात थोडा अडखळला, पण अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.

त्याच दुपारी सुधीर ताप भरला म्हणून घरी गेला. बाईंनी मनातल्या मनात 'चोराच्या मनात चांदणं' म्हटलं आणि संध्याकाळी निवांतपणे कीबोर्ड स्वच्छ पुसून ठेवला.

गुरुवारी सुधीर आलाच नाही. आणि 'एस'च्या शेजारी मिठाचे दोन खडे होते.

बाई खुर्चीवर बसून राहिल्या. त्यानं कुणाकडून तरी करून घेतलं असेल, असंही म्हणून पाहिलं. पण ते त्यांचं त्यांनाच पटेना. भूमितीतली एखादी सिद्धता शेवटच्या पायरीला फसावी, तसं झालं.

शुक्रवारी त्या साडेसहालाच शाळेत पोचल्या. घंटा साडेसातची. व्हरांड्यात कोणी नव्हतं. कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर मात्र एक जोडी रबरी चपला, व्यवस्थित शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या. कुलूप कडीला लटकत होतं.

बाईंनी दार ढकललं.

आत आवडाबाई होत्या, शाळेच्या आयाबाई. केरसुणी भिंतीला टेकवलेली, यंत्रावरचं आवरण घडी करून बाजूला ठेवलेलं. आवडाबाईंची मूठ पडद्यावरून खाली आणि खालून वर फिरत होती. ओठ पुटपुटत होते. "आल्यागेल्याची, पाप्याचांडालाची, घरच्याची, दारच्याची..." मूठ कीबोर्डवरून फिरली तेव्हा बोटांच्या फटीतून दोन पांढरे खडे टपकन खाली पडले.

"आवडाबाई!"

आवडाबाई दचकल्या नाहीत. त्यांनी सातवी फेरी पुरी केली, मूठ घट्ट मिटली आणि मगच वळल्या.

"बाय, एवढ्या येरवाली? घंटा बी नाय झाली अजून."

"हे काय चाललंय?"

"दिष्ट काढतंय."

"कुणाची?"

"याची." त्यांनी हनुवटीनं यंत्राकडे दाखवलं. "तुमीच बोलल्या व्हत्या ना, सगल्यांचे डोले लागलेत यावर म्हनून. तवापासून काढतंय. मीठ आमच्या घरचा हाय, मिठागरावरचा. बाजारचा नाय वापरला."

बाईंना आठवलं. स्टाफरूममध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या तसं म्हणाल्या होत्या. ते सुधीरसाठी होतं. चहाचे ग्लास उचलणाऱ्या बाईला कान असतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

"आणि आत कशा आलात तुम्ही?"

"किल्लीनं. हापिसात दुसरी असते ना केर काढायची." आवडाबाईंना प्रश्नच विचित्र वाटला. "परवा तर किती पावडर सांडलेली तुमी. दोनदा पुसला मी."

बाईंनी फरशीकडे पाहिलं. चार महिने ही फरशी रोज सकाळी लख्ख असायची. ती कोण झाडतं, हा प्रश्न त्यांना एकदाही पडला नव्हता. चपला काढायचा नियम करणाऱ्या बाईंनी केरसुणीचा विचारच केला नव्हता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तोही पावडर फासून.

"आवडाबाई, या मिठानंच ते बिघडलंय." बाईंचा आवाज चढला नाही, उलट बसला. "रोज खडे पडतात त्यात."

आवडाबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी मुठीकडे पाहिलं, मग यंत्राकडे.

"मना काय म्हाईत, बाय. रोज चुलीत टाकतंय, तं काय तडतडतं! एवढी दिष्ट मी मानसाला लागलेली नाय पायली." त्यांनी मूठ पदराआड घेतली. "रागाव नका, पन बाहेरच्यांची येवढी लागत नाय. तान्ह्या पोराला आयची लागते. दिवसभर एकटक बगत बसते ना ती, कोनाच्या हातात देत नाय. तशी तुमची लागलीय याला."

नजर, दृष्ट असल्या गोष्टींवर बाईंचा काडीचा विश्वास नव्हता. तरी त्या खुर्चीवर बसल्या आणि कितीतरी वेळ त्यांनी त्या यंत्राकडे बघायचं टाळलं. त्यांना लाज वाटत होती. नुसती लाज.

आठ वाजता त्या ठोंबरे सरांसमोर उभ्या राहिल्या.

"माझं पत्र मला परत हवंय, सर."

"का? ते निर्दोष आहेत?"

"हो."

"मग मीठ कुणी टाकलं?" सरांनी फाईल उघडली, पण पत्र दिलं नाही. "हे बघा बाई, सोमवारी साहेब विचारतील. मला एक नाव द्यावंच लागेल. सरकारी वस्तू आहे. जो कोणी असेल त्याला ठेवणार नाही मी."

तेवढ्यात आवडाबाई चहाचे दोन ग्लास घेऊन आत आल्या. एक सरांपुढे ठेवला, एक बाईंपुढे. ग्लास ठेवताना बशीत चहा सांडला. त्या वर न बघता निघून गेल्या.

"मीच," बाई म्हणाल्या.

"काय मीच?"

"पेरू खाल्ला मी तिथे बसून. तिखटमीठ लावून. दोन-तीनदा."

सव्वीस वर्षांच्या नोकरीत या बाईंनी वर्गात पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

"चपला बाहेर काढायला लावता आणि पेरू आत?"

"हो."

सरांनी पत्र त्यांच्याकडे सरकवलं. मग हात पुढे केला आणि तसाच ठेवला. बाईंना कळायला थोडा वेळ लागला. त्यांनी पर्स उघडली आणि किल्ली सरांच्या तळहातावर ठेवली.

"यापुढे तरे बघतील ते," सर म्हणाले. "तुमच्या सेवापुस्तकात नोंद करावी लागेल. इलाज नाही."

शनिवारी शाळा सुटल्यावर बाई कॉम्प्युटरच्या खोलीपाशी आल्या. चपला काढल्या. दार उघडं होतं आणि खिडकीचं प्लायवूडही काढलेलं होतं. सुधीर वर्तमानपत्र पसरून बसला होता. तापानं गाल बसले होते. कीबोर्डची बटणं एकेक उपटून त्यानं कागदावर ओळीनं मांडली होती आणि शेजारी स्पिरिटची बाटली होती.

"येऊ का?" बाईंनी विचारलं. या दारात त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं.

"या ना, बाई." तो अर्धवट उठला. "चालेल हे. खार फार खोल गेलेला नाहीये. सोमवारपर्यंत होईल."

बाई विद्यार्थिनींच्या स्टुलावर बसल्या. सुधीरनं काडीला कापूस गुंडाळला, बटणांखालची जागा पुसली, आणि मध्येच थांबला. काडीच्या टोकानं त्यानं काहीतरी काळं, बारीक पुढे ओढलं. एक दाणा. मग आणखी दोन. वर्तमानपत्रावर ते ठिपक्यांसारखे पडले.

"सर म्हणाले, पेरू खाल्लात तुम्ही."

"हो."

"मोहरी लावून?"

बाहेर व्हरांड्यात केरसुणीचा आवाज येत होता, तो थांबला. सुधीरनं दाराकडे पाहिलं, मग दाण्यांकडे. दृष्ट काढायची मोहरी ओळखायला डोंबिवलीचा क्लास लागत नाही. त्यानं काही विचारलं नाही.

"यात ठेवा ते," बाई म्हणाल्या आणि पर्समधून चौघडी केलेला कागद काढून त्याच्यापुढे धरला.

पुडी बांधायला त्यानं कागद उलगडला. अक्षर सुरेख होतं, वाचायला वेळ लागायचं कारण नव्हतं. तरी त्यानं ते सावकाश वाचलं, 'हेतुपुरस्सर'पासून सहीपर्यंत. सहीपाशी त्याची नजर पुष्कळ वेळ थांबली. बाईंनी हात मांडीवर घट्ट धरून ठेवले होते. व्हरांड्यातली केरसुणी पुन्हा सुरू झाली.

सुधीरनं कागद पालथा केला. कोऱ्या बाजूवर मोहरीचे तिन्ही दाणे घेतले, घड्या घातल्या, आणि पुडी खिशात न टाकता टेबलावर बाईंच्या पुढ्यात ठेवली.

मग त्यानं पुसून झालेलं एक बटण उचललं आणि त्यांच्या तळहातावर दिलं.

"हा 'ए'," तो म्हणाला. "तुम्ही लावा, बाई."