खांबावरचा खिळा

...खिळा. झऱ्याच्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या मोजपट्टीच्या खांबावरचा, गंजलेला. पिशवीचा बंद तुटला म्हणून ती अडकवायला तिचा हात सवयीने खांद्याइतका वर गेला, आणि तिथे नुसतं ओलं लाकूड लागलं. खिळा खाली होता, कोपरापाशी. असं कसं... हा खिळा नवऱ्याने ठोकला होता, तिला या खडकावर उभी करून, ‘हलू नकोस गं, माप घेतोय’ म्हणत, जसा काही मोठा शिंपीच. खिळा ठोकल्याला अकरा वर्षं झाली. नवरा गेल्यापासून, म्हणजे गेल्या दोन वर्षांत, तिने इथे पिशवी अडकवली नव्हती. एकटीचा डबा कशाला आणायचा. घरी जाऊन ओट्यापाशी उभ्याउभ्या खायचं.

ती त्याच खडकावर उभी होती. खडक खचत नाही, आणि चाळिशीतली बाई दीड वीत वाढत नाही. म्हणजे खांबच खाली गेलेला... ही सगळी पाणथळ जमीन, कुजक्या शेवाळाची, आतलं पाणी गेलं की जुन्या गादीसारखी बसते. पलीकडे खाणीचे पंप डोंगराच्या पोटातलं पाणी दिवसरात्र उपसतात. इकडे जमीन बसते, तिच्याबरोबर खांब बसतो, आणि झऱ्याचं पाणीही तेवढंच उतरतं. म्हणून पट्टीवर रोज बेचाळीस. दोन वर्षं बेचाळीस, आणि मी कुठे बघत होते? वर्षातून एकदा पट्टी खडकावरच्या खुणेशी ताडून बघायची असते. ते काम तिचंच. तो गेला त्या वर्षी ते राहिलं, पुढच्या वर्षीही राहिलं. कुणी विचारलं नाही.

काल पाणीखात्याच्या ऑफिसात साहेब खुशीत होते. “बाई, तुमच्या नोंदी म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. शुक्रवारच्या सुनावणीत खाणवाले त्याच पुढे करणार. पाण्यात ढिम्म फरक नाही म्हटल्यावर नवा खड्डा मंजूर झाल्यातच जमा.” ती “हो” म्हणाली होती. खाली खोऱ्यातल्या गावाचे नळ याच झऱ्यावर... तेव्हा काही वाटलं नव्हतं. आताही वाटत नव्हतं, नुसतं समजत होतं: बोललं तर दोन वर्षांच्या वह्या रद्दीत आणि नावाची माती, गप्प राहिलं तर झरा गेला.

खांबाचा बुंधा बघायला ती खडकावरून खाली चिखलात उतरली. मग वही उघडून आजची तारीख घातली, बेचाळीसातला चारचा आकडा काढला आणि पेन्सिल तिथेच राहिली.

फोन वाजला. आई. रोज याच वेळी.

“कशी आहेस?”

या प्रश्नाला दोन वर्षं एकच उत्तर, ‘बरी आहे’. तेही कुणी ताडून पाहिलं नव्हतं. ते ओठांवर आलं... आणि तिचं लक्ष पायांकडे गेलं. बुटांत पाणी शिरलं होतं. बोटं दुखत होती, चांगलीच दुखत होती.

“आई, पाण्यात पाय गारठलेत गं माझे.”

आई म्हणाली, “अगं, मग बाहेर ये ना पाण्यातून.”

“येते,” ती म्हणाली, आणि तिथेच उभी राहिली, फोन कानाला, एका हाताने तो खिळा धरून. वहीत चारच्या पुढची जागा अजून कोरी होती, आणि थंडी आता गुडघ्यांपर्यंत चढत होती.