उकंडाचा पंप

बोंडअळीनं कापूस खाल्ला त्या हिवाळ्यात सत्यशीलाबाईच्या घरची कापसाची खोली पहिल्यांदा रिकामी राहिली. सून उर्वशीनं ती टेकोड्यांच्या, म्हणजे अळिंबीच्या, लागवडीसाठी मागितली, तेव्हा सत्यशीलाबाईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत पाहून घेतलं.

"टेकोडे रानात येतात, फुकटात. तू ते दोरीले टांगून विकशील? लोकं हासतीन ना वो!"

"हासू द्या, मामी. मी शिकून आली. तुम्ही फक्त खोली द्या."

दिली. पण देताना अर्ध्या गावाला ऐकू जाईल एवढं बोलली. काय खोली होती ती! दिवाळी झाली की कापूस आढ्याला टेकायचा. तिचा नवरा उकंडा दारातून गठुडी फेकायचा, ती वर उभी राहून पायानं कापूस दाबायची. लेकरं त्यात उड्या मारायची आणि रात्रभर अंग खाजवत बसायची. एकदा तिचा लहानगा संघदीप सापडेना, सगळं गाव विहिरी धुंडाळून आलं, आणि पोरगा कापसात गळ्यापर्यंत रुतून झोपलेला! उकंडानं त्याला मारायला हात उगारला आणि हसतच सुटला. तो उकंडा जाऊन आता तीन वर्षं झाली होती.

उर्वशीनं सोयाबीनचं कुटार, मळणीनंतर उरलेला भुसा, भिजवलं, उकळलं, निथळवलं, बी पेरून चाळीस थैल्या भरल्या आणि टांगल्या. वीस दिवसांत थैल्या आतून पांढऱ्याफेक झाल्या. सत्यशीलाबाई रोज "पाहून येतो" म्हणून आत जायची आणि तिथंच पाटावर बसून राहायची. अंधुक उजेडात डोळे बारीक केले की खोली पहिल्यासारखी भरलेली दिसायची. हे तिनं कोणाला सांगितलं नाही.

थैल्यांना टेकोडे फुटले आणि उर्वशीला दोन दिवस माहेरी फुलसावंगीला जावं लागलं. जाताना तिनं पाणी शिंपायची लहानशी बाटली सासूच्या हातात दिली. "दिवसातून तीनदा, मामी. निस्तं पाणी."

दहा थैल्यांतच सत्यशीलाबाईचं बोट दुखून आलं. हे काय खेळणं! तिनं गोठ्यातून उकंडाचा फवारणीचा पंप काढला. भादव्यात संघदीपनं त्यानंच कपाशी फवारली होती. म्हणून तिनं तो नळाखाली सोडा टाकून तीनदा धुतला, पाणी भरलं, पट्टे खांद्यावर चढवले. दांडा खाली-वर झाला आणि खस्स-खस्स आवाज निघाला. तोच आवाज. कपाशीच्या ओळीतून उकंडा असाच चालायचा, शेताच्या टोकाला धुऱ्यावर वळून ओरडायचा, "सत्ये, पाणी आन!" आणि ती डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन निघायची. दोन दिवसांत तिनं दहा वेळा फवारलं. खरं तर सहा वेळांत भागलं असतं.

उर्वशी आली आणि दारातच थबकली. हाताच्या पंजाएवढे टेकोडे! "मामी, तुमच्या हाताले गुण हाये!" दिग्रसच्या एका आचाऱ्यानं लग्नासाठी मागणी दिली होती. माल पसंत पडला तर तो दर आठवड्याला नेणार होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी उर्वशी तोडणीला बसली. सत्यशीलाबाईनं उन्हात ठेवलेला पंप उचलला, झाकण काढलं आणि तिचा हात थांबला. तापलेल्या टाकीतून वास आला. उकंडाची बनियन ती वेगळी धुवायची, त्या बनियनला यायचा तो वास. फवारणीच्या औषधाचा. याच साली फवारणी करता करता माणसं दवाखान्यात गेली होती.

तिनं खोलीत जाऊन एक टेकोडा हुंगला. काहीच वास नाही. पांढरा, टवटवीत. कोणाला कळणार नव्हतं. आणि "माझं चुकलं" हे शब्द तिनं उकंडापुढंही कधी काढले नव्हते.

टोपल्या भरल्या. बसची वेळ झाली.

"हे पाठवू नोको," ती म्हणाली.

"काहून?"

"माल बरा नाही."

संघदीप टोपलं उचलतच म्हणाला, "माये, नाट लावल्याबिगर तुले जमतच नाही का?"

तिनं पंप आणून ओसरीवर आदळला. "मी यानं पाणी मारलं."

उर्वशीनं पंपाचं झाकण काढून हुंगलं.

"धुतला होता ना?" संघदीप हळूच म्हणाला. "मंग कोनाले काय समजते?"

"लग्नात लेकरं जेवतीन, भाड्या!" ती कडाडली. मग आवाज खाली आला. "उर्वशी, चुकी माही हाये. आचाऱ्याले तसंच सांग. माहं नाव घेऊन सांग."

उर्वशीनं फोन लावला. पलीकडचा माणूस बराच वेळ बोलला. ती फक्त "हो भाऊ, हो भाऊ" करत राहिली. नाव तिनं घेतलं नाही. मग संघदीपनं उकिरड्यापलीकडं खड्डा खणला. भरलेल्या टोपल्या आणि चाळीस थैल्या सत्यशीलाबाईनं स्वतः वाहून नेल्या, कोणाला हात लावू दिला नाही. उर्वशी रडली नाही, खोलीतल्या रिकाम्या दोऱ्या सोडवत बसली. सासूला ते जास्त झोंबलं.

पंधरा दिवसांनी नवं बी आलं. कुटार निथळत होतं. सत्यशीलाबाई न बोलावता थैल्या भरायला येऊन बसली.

"हात दाखवा, मामी," उर्वशी म्हणाली.

या घरात सत्यशीलाबाईला असं कोणी बोललं नव्हतं. जिभेवर चांगलं खरमरीत आलं होतं. तिनं ते गिळलं आणि साबणानं धुतलेले दोन्ही हात सुनेपुढं धरले.

"नखं."

सत्यशीलाबाईनं हात उलटे केले.