गोगलगायीचा काटा

आमच्या सोयाबीनवर गोगलगायी तुटून पडल्या होत्या, अन् आमचे हे, दीपकराव, बाजेवर बसून काटेचमचे घासत होते! लोणारच्या भंगारवाल्याकडून पेटीभर आनले, इंग्रजाच्या काळचे.

"चांदीचे नाहीत, वरतून मुलामा हाये," हे भिंगातून पाहत म्हने. "मांगं शिक्का पाय. हा मासोळीचा काटा. हा लोनच्याचा. हा केकचा."

"अन् सोयाबीन कोन पाहीन? तुमचा इंग्रज?"

रोज सकाळी मी एकटी वाकून गोगलगायी वेचत होती, मिठाच्या पान्यात टाकत होती. कंबर पार मोडली. पन वेचनं म्हंजे बायायचं काम म्हने. मानसानं वेचलं तं पारावरचे लोक हासतीन. असंच चाललं असतं तं वावरात नुसती दांडकी उरली असती.

एक दिवस हे दोन दातायचा, लांब, बारका काटा घेऊन उठले.

"जयमाला, सापडलं! फोनमंधी फोटो जुळला. हा गोगलगायीचा काटा हाये. खास गोगलगायीसाठीच बनवेल!"

"काय सांगता!"

दुसऱ्या दिवशी उजाडताच धुतला सदरा घालून सायब वावरात. शंखाच्या तोंडात काटा घालायचा, गोगलगाय भिंगातून पाह्यची, मंग बादलीत. मले हासावं का रडावं समजेना.

बांधावरून शेजारचा शेषराव म्हने, "काय करून राह्यला बे दीपक?"

"अवजार हाये भाऊ. विलायती."

मंग काय! शेषरावनं लोनच्याचा काटा नेला, पारावरच्या हिंमतरावनं मासोळीचा. मोठ्या गोगलगायीले केकचाच लागते म्हनून दोघायची जुंपली. जल्मात कंबर न वाकवलेली मानसं माह्या वावरात वाकली, माय वं!

आठेक दिवसानं पुन्याच्या पुतनीले, डिंपलले, मी काट्याचा फोटो धाडला. तिचा लगेच फोन. हासू आवरेना तिले.

"काकू, त्या काट्यानं सायब लोक गोगलगायी खातात! शिजवून, लोनी लावून!"

"शी वं माय!" मी म्हनलं. मंग वावराकडं पाह्यलं. सोयाबीनले नवी पानं फुटली होती.

"डिंपल, काकाले सांगशीन तं माह्याशी गाठ हाये."

सांजेले वावरात ह्यायनं काटा पुसत इचारलं, "जयमाला, विलायतेत हे काम कोन करत असन वं?"

"मानसंच," मी म्हनलं. "बायायले तं काट्याले हात बी लावू देत नाहीत."

"बराबर हाये," हे म्हने, अन् पुन्हा वाकले.