टिचकी

मिलिंग मशीन म्हटलं की खोलीभर पसरलेलं धूड डोळ्यांसमोर येतं. हे तसलं नव्हतं. हे शिवणाच्या मशीनपेक्षा जरासंच मोठं, टेबलावर बसणारं, हौशी माणसाने सुट्टीच्या दिवशी लोखंडाचे बारीकसारीक भाग कापायला घ्यावं असं. मुलाने ते आणलं तेव्हा त्याच्या बापाने, तपासनिसाने, नाक मुरडलं होतं. खेळणं आहे, म्हणाला होता. आता मुलगा राहिला नव्हता, खेळणं राहिलं होतं, आणि ते चांगलं की वाईट हे सांगायला सुनेने सासऱ्यालाच बोलावलं होतं.

बोलावणार नाही तर काय करणार? गल्लीच्या टोकाचा घड्याळजी मशीन विकत घ्यायला तयार होता, पण तुमच्या सासऱ्यांनी चांगलं म्हटलं तरच, अशी त्याची अट. तपासनिसाची सगळी हयात मोठ्या कारखान्यात मशीनं पास-नापास करण्यात गेली होती. निवृत्त झाला तरी ते नाव काही त्याला सोडून गेलं नाही. माणूस खडूस होता, खोटं कशाला बोला. दुसऱ्याच्या कारखान्यात पाऊल टाकलं की नमस्काराच्या आधी तिथल्या डायलला टिचकी मारणार. डायल म्हणजे घड्याळासारखी चकती, खाली टोक; पृष्ठभागावरून फिरवला की केसाइतका उंचसखलपणासुद्धा सुई दाखवते. टिचकीने सुई जागची हलली तर डायल आत कुठेतरी अडकतोय. मग हा सगळ्यांदेखत म्हणणार, मशीन राहू द्या, आधी ह्याला दवाखान्यात न्या. लोकांना राग यायचा, पण बोलायची सोय नव्हती, कारण त्याचं खरं असायचं.

सुनेने मागची खोली उघडली. मशीनवर जुनी चादर टाकलेली होती. ती मुलानेच टाकली होती, आजारी पडायच्या कितीतरी आधी. त्याला एक छोटं वाफेचं इंजिन करायचं होतं, मुठीत मावेल एवढं. चाललं की बाबांना दाखवायला नेणार होता. ते चाललंच नाही. दट्ट्या भोकात थोडा आत जायचा आणि अडकायचा. त्याने नवा भाग केला, तोही अडकला. पुन्हा केला. वाया गेलेले तुकडे बिस्किटांच्या डब्यात साठत गेले. बापाला विचारलं तर बाप म्हणाला, मशीनच हलकं, तू तरी काय करणार. मुलाला ते पटलं नाही. मशीनला तो नावं ठेवायचा नाही. एक दिवस त्याने चादर टाकली आणि दार ओढून घेतलं.

"बाबा, माझ्याशी खोटं बोलू नका," सून म्हणाली. "दवाखान्यातसुद्धा तो म्हणत होता, माझ्यात बाबांचा हात आला नाही. मशीन वाईट निघालं ना, तर मला बरंच वाटेल."

म्हणजे घड्याळजीचं राहिलं बाजूला. तिला एवढंच जाणून घ्यायचं होतं की चूक मशीनची की त्याची. मनातून तपासनिसालाही तेच हवं होतं. आयुष्यात पहिल्यांदा एखादं मशीन नापास व्हावं असं त्याला वाटत होतं.

त्याने बाह्या सरसावल्या. शेजारच्या लेथवाल्याकडून डायल मागून आणला होता, कारण स्वतःचा त्याने निवृत्तीच्या दिवशी मुलाला देऊन टाकला होता. त्या डायलला त्याने कारखान्यात कुणाला हात लावू दिला नव्हता. लेथवाल्याच्या डायलला सवयीने टिचकी मारली, सुई हलली नाही, मग कामाला लागला. टेबल दोन्ही हातांनी धरून हलवलं. ढिलं नाही. हँडल उलटसुलट फिरवलं. मध्ये मोकळं फिरणं जवळपास नाहीच. स्पिंडल, म्हणजे ज्यात कापायचं हत्यार बसतं तो दांडा, हाताने फिरवून त्यावर डायल लावला. सुई ढिम्म. त्याने पुन्हा लावला, दुसऱ्या जागी, तिसऱ्या जागी. सासूने सुनेच्या कामात खोट शोधावी तसा शोधत होता बिचारा. खोट सापडेना. खेळणं म्हणून हिणवलेलं ते मशीन एकेक परीक्षा पास होत गेलं.

घड्याळजी येऊन दारात उभा राहिला. सून स्टुलावर हात मांडीत घेऊन बसली होती.

शेवटची तपासणी उरली, वरचं हेड, म्हणजे स्पिंडल धरणारा भाग, टेबलावर सरळ उभं आहे का ही. स्पिंडलला डायल अडकवून टेबलावरून गोल फिरवायचा. फिरवला, आणि सुई एका बाजूला पडली. हेड कललं होतं.

सुनेने मान वर केली. पण तपासनिसाचा चेहरा उतरला होता. कारण हेड काही मशीनबरोबर वाकडं येत नाही. ते ज्याने वापरलं त्याने बोल्ट आवळून बसवायचं असतं. मशीन चांगलं होतं आणि मुलाने ते वाकडं बसवलं होतं. हे हिला कोणत्या तोंडाने सांगायचं?

मशीनखालच्या टेबलाच्या खणात मुलाचा डायल होता, त्यानेच दिलेला, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेला. वेळ काढायचा म्हणून त्याने तो काढला, स्पिंडलला लावला आणि तसाच गोल फिरवला. सुई शून्यावर. पलीकडे नेला, शून्यावर. लेथवाल्याचा डायल हेड कललेलं दाखवत असूनही हा डायल म्हणत होता, सगळं सरळ आहे.

 मग तपासनिसाने बोट मुडपलं आणि स्वतःच्या डायलला, ज्याला उभ्या जन्मात कधी मारली नव्हती, एक टिचकी मारली. सुई टुणकन उडाली.

 काय झालं, असं सुनेने दोनदा विचारलं तेव्हा कुठे त्याने सांगितलं, की मशीन चांगलं आहे, डायल अडकतो आहे. मुलाने ह्या डायलवर विसंबून हेड लावलं, त्यामुळे प्रत्येक भोक तिरपं पडायचं.

"त्याने एकदा तरी हा तपासायचा होता," तो पुटपुटला.

"तो सगळं तपासायचा," सून म्हणाली. "मशीन खोलून झालं, टेबल खोलून झालं. मी म्हटलं होतं, त्या काट्यातच काही नसेल ना? तर माझ्यावरच चिडला. म्हणाला, तो बाबांचा आहे."

घड्याळजीला राहवलं नाही. त्याने डायल हातात घेतला, खिशातल्या बारीक पेचकसाने मागचं झाकण काढलं आणि उजेडात धरलं. आत तेल वाळून चिकट झालं होतं, गुळाच्या पाकासारखं. धुतला की होईल नीट, तो म्हणाला, फार तर चहा होईपर्यंतचं काम. मग सहज बोलून गेला, की असल्या नाजूक यंत्रात तेल सोडायचं नसतं, कुणी सोडलं कोण जाणे.

तपासनिसाला ते ठाऊक नव्हतं थोडंच. डायलला तेल दाखवलं म्हणून त्याने माणसं रडकुंडीला आणली होती. पण निवृत्तीच्या दिवशी घरी येऊन त्याने तो डायल पुसला, चकचकीत केला, आणि पोराच्या हातात द्यायचा तर सुई कशी लोण्यासारखी फिरली पाहिजे म्हणून टोकाशी तेलाचा एक थेंब सोडला होता. एकच थेंब, लाडाचा.

"मी सोडलं," तो म्हणाला.

 त्याने बिस्किटांचा डबा ओढला आणि मुलाचे वाया गेलेले तुकडे एकेक करून टेबलावर मांडले. प्रत्येकाचं भोक गुण्याने, म्हणजे काटकोन बघायच्या पट्टीने, पारखलं, डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. काम त्याने अर्ध्यावर सोडलं नाही. सगळे बघून झाल्यावर सुनेला जवळ बोलावलं.

"हे बघ पोरी. सगळे एकाच बाजूला, एकसारखे तिरपे आहेत. कच्चा हात दर वेळी वेगळा चुकतो. ह्याची चूक एकच आहे, आणि ती माझी आहे."

सुनेने त्यातला एक तुकडा उचलला आणि मुठीत घट्ट धरला. घड्याळजीने हलक्या आवाजात विचारलं, मग मशीन घेऊ ना? तपासनिसाने होकाराची मान हलवली. पास, म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला.